मुठीतली पिन

१

पद्माकर गॅसच्या खोलीत पालथा पडला होता. त्याच्या डोक्याची मागची बाजू चेचून गेली होती. शेजारी सिलिंडरचा जाड लोखंडी पाना पडला होता आणि पान्याला केस चिकटले होते. मारणारा एका घावावर थांबला नव्हता. ओळीने उभ्या असलेल्या सिलिंडरांवर, भिंतीवर, छताच्या दिव्यावरसुद्धा रक्ताचे शिंतोडे होते.

दारात डॉ. क्षिप्रा उभी होती. तिचे दोन्ही हात मनगटांपर्यंत लाल होते.

"मी नाडी बघत होते," ती इन्स्पेक्टर लिमला पुन्हा पुन्हा सांगत होती. "मी फक्त नाडी बघत होते."

लिमने ऐकून घेतले. पण त्याला आधीच बरेच काही कळले होते. यिशुन उपनगरातल्या टाउन सेंटरमागच्या या छोट्या खासगी रुग्णालयात क्षिप्रा भूल द्यायचे काम करी. गेल्याच आठवड्यात धनेश नावाचा एक मराठी दर्यावर्दी हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आला आणि टेबलावरच मेला. हर्निया म्हणजे सकाळी यायचे आणि संध्याकाळी चालत घरी जायचे काम. दोष भुलेवर आला. व्यवस्थापक पद्माकरने क्षिप्राला कामावरून काढले. तेव्हा ती जे ओरडली होती ते साऱ्या मजल्याने ऐकले होते.

"आज त्यांनीच मला फोन करून बोलावलं," क्षिप्रा म्हणाली. "'तुमची चूक नसावी, या, एक वस्तू दाखवतो,' म्हणाले."

"हा फोन दुसऱ्या कोणी ऐकला?"

कोणीच ऐकला नव्हता. लिमने तिच्या लाल मनगटांत बेड्या घातल्या.

"क्षिप्रा, मान वर कर," मागून आवाज आला.

जिन्यावरून एक वयस्कर बाई हळूहळू उतरत होती. डॉ. आशालता. मुंबईच्या कॉलेजात भूलशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि क्षिप्रा त्यांचीच विद्यार्थिनी. निवृत्तीनंतर त्या टॅम्पिनीसला लेकीकडे राहत आणि रविवारी राहत्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मुलांना विज्ञान शिकवत. त्या मुलांत लिमची धाकटी मुलगीही होती.

"आंटी, तुम्ही इथे कशाला? हा सायन्स क्लास नाही, लाह," लिम इथल्या लोकांच्या ढंगात वैतागून म्हणाला.

"तिने मला फोन केला म्हणून आले. तुम्ही त्याची मूठ उघडून बघितलीत का?"

पद्माकरचा उजवा हात शरीराखाली अर्धवट दबला होता आणि मूठ घट्ट आवळलेली होती. लिमने एकेक बोट सोडवले. तळव्यात स्टीलचा एक बारीक तुकडा होता. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, गुळगुळीत, एका टोकाला ओरखडे.

लिमने तो उजेडात धरला. "स्क्रू? खिळा?"

आशालताबाईंचा चेहरा उतरला होता.

२

"आता मला नीट सांग," बाई म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत क्षिप्रा बेड्यांसकट समोर बसली होती. "तुला काय वाटलं ते नको. काय दिसलं ते सांग."

"धनेशना भूल दिली, श्वासनलिकेत नळी घातली. सगळं ठीक होतं. मग मशीनची शिट्टी वाजली. पाइपलाइनमधला ऑक्सिजन कमी झाला होता."

"मग?"

"मशीनच्या मागे जादाचा ऑक्सिजन सिलिंडर असतो ना? मागे हात घालून मी तो उघडला. दाब आला, शिट्टी थांबली. पण मॅडम, ते निळे पडायला लागले. मी ऑक्सिजन वाढवला, ते आणखी निळे पडले. वाढवत गेले तसे काळे पडत गेले."

"नळी बघितलीस?"

"दोनदा. जागेवर होती. छाती दोन्हीकडे हलत होती."

"आत किती ऑक्सिजन जातोय ते दाखवणारा मीटर?"

क्षिप्रा कडवट हसली. "तो महिनाभर बंद आहे. त्यावरूनच माझी आणि पद्माकरांची वादावादी झाली होती."

"बंद मीटरवर तू भूल दिलीस?" बाईंचा आवाज चढला नाही, पण क्षिप्राने मान खाली घातली. "बरं. पुढे?"

"शेवटी मशीन काढलं आणि हाताने दाबायची पिशवी लावली. साध्या हवेवर श्वास दिले. त्यांचे ओठ गुलाबी झाले, मॅडम. मी डोळ्यांनी बघितलं. नाडी भरली."

बाई पुढे सरकल्या. "मग पिशवी सोडलीस कशाला?"

"सर्जन ओरडले. डॉ. रुचिर. रुग्णालय त्यांचंच. 'माणूस मरतोय आणि तू हवा कसली देतेस? शुद्ध ऑक्सिजन दे!' त्यांनी माझा हात हिसडला. मी पुन्हा मशीन जोडलं." तिने बेड्यांतल्या आपल्या तळव्यांकडे पाहिले. "नंतर छाती दाबून त्यांच्या फासळ्या मोडल्या मी. आवाज येत होता. ते परत आले नाहीत."

"तो सिलिंडर नंतर तपासला असेल."

"हो. काळं अंग, पांढरा खांदा. ऑक्सिजनचाच. आणि काठोकाठ भरलेला. म्हणून सगळे म्हणतात, हिने सिलिंडर उघडलाच नाही, घाबरून खोटं सांगते."

इतक्यात खालून काच फुटल्याचा आवाज आला आणि मागोमाग माणसाची किंकाळी.

३

ओरडत होता डॉ. रुचिर. स्वागतकक्षाच्या फुटक्या काचांवर तो आडवा पडला होता आणि एक दांडगा तरुण त्याच्या छातीवर बसून त्याला ठोसे हाणत होता. दोन शिपायांनी ओढूनही तो हलेना. रुचिरचा एक डोळा मिटला होता. नाकातून रक्ताची धार लागली होती.

"सोड रे त्याला!" बाई ओरडल्या. मराठी बाईचा आवाज ऐकून तो क्षणभर थांबला आणि तेवढ्यात शिपायांनी त्याला मागे खेचले.

तो सुबोध, मेलेल्या धनेशचा धाकटा भाऊ. भावासारखाच जहाजावर वाढलेला, सध्या तुआसच्या गोदीत वेल्डिंगचे काम बघणारा.

"भाऊ मारला माझा!" तो धापा टाकत म्हणाला. "आणि काकू, तुम्ही त्या डॉक्टरणीला वाचवायला आलात? खाली जाऊन बघा, खोलीत ऑक्सिजनच्या बाटल्या पडल्यात. निळ्याशार, भिंतीला लावून, मोठ्या चार, लहान दोन! मघाशी दार उघडं होतं, मी बघितल्या. एवढा ऑक्सिजन साठवून ठेवतात आणि माझा भाऊ ऑक्सिजनशिवाय तडफडून मरतो?"

"तू याआधी कधी आला होतास त्या खोलीत?"

"मी कशाला येईन? धनेश मेला त्या दिवशी दुपारी आलो, तेव्हा मला गेटातूनच हाकललं."

बाईंनी खिशातून रुमाल काढून त्याच्या सोललेल्या बोटांवर ठेवला. "दाबून धर. आणि इथेच थांब, जाऊ नकोस."

रुचिर खुर्चीत बसून नाकाला बर्फ लावत होता. "त्याला तुरुंगात टाका. आणि क्षिप्रालाही. तिच्यामुळे माझं नाव मातीत गेलं."

"तुम्ही तिचा हात का हिसडलात, डॉक्टर?"

"कारण ती हवेवर खेळत बसली होती! हवेत ऑक्सिजन किती असतो? एक पंचमांश! मशीनमधून शंभर टक्के जात होता."

"जात होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

रुचिरने तसे गृहीत धरले होते. सगळ्यांनीच गृहीत धरले होते.

नंदा सिस्टरने मात्र बाईंना एक वेगळीच गोष्ट सांगितली. ती नागपूरची, फटकळ. "धनेशभाऊ गेल्यावर मी फरशी पुसायला घेतली. मशीनच्या मागे पाणी ठिबकत होतं. मशीन भिंतीला इतकं चिकटून की डोकं घालून बघायलाही जागा नाही. हात घातला, तर सिलिंडर हा असा गार! बर्फाच्या लादीसारखा. बोटं चिकटतील असं वाटलं. मी म्हटलं, एसीचं पाणी असेल."

"हे कुणाला सांगितलंस?"

"पद्माकर सरांना, काल. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच मशीन ओढून मागे काहीतरी शोधत बसले. मला म्हणाले, सिस्टर, तुम्ही जा."

म्हणजे मुठीतला तो तुकडा पद्माकरला तिथेच सापडला होता. आणि दुसऱ्या दिवशी तो मेला.

४

गॅसची देखभाल करणारा रघुवीर बोलावल्याबरोबर आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, हसतमुख. येताना सगळ्यांसाठी हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून पिशवीभर कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आला. आयुष्यभर जहाजांवर चीफ इंजिनिअर होता. बायकोने जमिनीवर राहायचा हट्ट धरला म्हणून नोकरी सोडली. मंडळाच्या गणपतीत त्याची रुचिरशी ओळख झाली आणि त्या ओळखीवर गेल्या महिन्यात त्याला हे काम मिळाले. "बॉयलर सांभाळणाऱ्याला चार नळ्या काय जड?" असे तेव्हा सगळेच म्हणाले होते.

"पद्माकर म्हणजे हिरा माणूस," तो बाईंना म्हणाला. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. "वाईट मारलंय हो त्याला."

"धनेशच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी तुम्ही इथे आला होतात?"

"छे. मी तुआसला होतो. पाइपलाइन बंद पडल्याचं मला नंतर कळलं."

"मग तुमचं इथे काहीच काम नव्हतं."

"काहीच नाही, मॅडम."

बाईंनी मान हलवली, लिमला बरोबर घेतले आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत गेल्या. मशीन भिंतीपासून ओढले. मागचा सिलिंडर, काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा, पकडीतून सोडवला. मग त्या वाकल्या आणि सिलिंडर जिथे बसतो त्या पकडीत टॉर्चचा उजेड टाकला.

"लिम, आत किती पिना दिसतात?"

"एक. आणि एक रिकामं भोक."

"आता मुठीतला तुकडा त्या भोकात बसवून बघा."

लिमने बसवला. तो अचूक बसला.

"आंटी," तो हळूच म्हणाला, "हे काय आहे?"

"पद्माकरच्या खुनाचं कारण," बाई म्हणाल्या. "आणि धनेशच्या मरणाचंही. सगळ्यांना खाली गॅसच्या खोलीत बोलवा. आणि रघुवीरची हत्यारांची पिशवीही आणा."

५

मृतदेह हलवला होता, पण रक्त तसेच होते. क्षिप्रा बेड्या घालून उभी होती. रुचिर नाकाला बोळा धरून, सुबोध दोन शिपायांच्या मध्ये. रघुवीर आतल्या दाराला टेकला होता. त्या दारामागे पाइपलाइनला जोडलेल्या मोठ्या सिलिंडरांची लहानशी कोठडी होती.

बाई मुलांना समजावतात तशा सावकाश बोलू लागल्या.

"प्रत्येक वायूच्या सिलिंडरला ठरलेल्या जागी दोन भोकं असतात आणि मशीनच्या पकडीत तशाच दोन पिना. भोकं आणि पिना जुळल्या तरच सिलिंडर बसतो. घाईत, अंधारात, कुणीही चुकीचा वायू लावू नये म्हणून ही सोय. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड, म्हणजे आमचा भुलेचा, हसवणारा वायू, यांची एक पिन सारखी असते. एकच वेगळी. ती एक उपटली, की ऑक्सिजनच्या जागी नायट्रस बसतो."

"म्हणजे मी उघडला तो..." क्षिप्राने विचारले.

"नायट्रस. तू वाढवत गेलीस तसा तो गुदमरत गेला. साध्या हवेवर गुलाबी झाला, कारण हवेत निदान ऑक्सिजन होता. नायट्रस सिलिंडरात द्रवरूप असतो. जोरात सोडला की उकळून वायू होतो आणि सिलिंडर गोठवतो. ऑक्सिजनचा सिलिंडर असा गोठत नाही. नंदाच्या हाताला लागला तो बर्फ नायट्रसचा. नंतरच्या गोंधळात, चूक कळल्यावर, तो लावणाऱ्यानेच गुपचूप काढून भरलेला ऑक्सिजन लावला असणार."

"मग कुणीतरी धनेशला ठरवून मारलं!" सुबोध गुरगुरला.

"नाही. ज्याला मारायचंय तो पिना उपटत बसत नाही, पाइप बंद करतो. पिन उपटणाऱ्याला मदत करायची होती. पाइपलाइन कुरकुरतेय, मशीनला ऑक्सिजन हवा, म्हणून त्याने लहान बाटली उचलली. ती बसेना. त्याला वाटलं, पिन वाकडी आहे. भर समुद्रात सुटा भाग मिळत नाही, असेल त्यात भागवायचं, हीच सवय. पक्कड घातली आणि पिन काढली. त्याची मनोमन खात्री होती की आपण ऑक्सिजनच लावतोय."

"अशी चूक कोण करेल?" रुचिर म्हणाला. "निळा म्हणजे नायट्रस, हे आमच्या आयासुद्धा जाणतात."

"बरोबर. इथलं कुणीच करणार नाही. तुम्ही नाही, क्षिप्रा नाही, नंदा नाही." बाई वळल्या. "सुबोध, जहाजावर वेल्डिंगचा ऑक्सिजन कुठल्या रंगाच्या बाटलीत असतो?"

"निळ्या," सुबोध चटकन म्हणाला. मग त्याची नजर भिंतीकडच्या निळ्या सिलिंडरांवर गेली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे या... या ऑक्सिजनच्या नाहीत?"

"यात श्वासाला उपयोगी पडेल असा ऑक्सिजनचा कणही नाही. तू मघाशी जी चूक केलीस, तीच त्या सकाळी दुसऱ्या एका दर्यावर्द्याने केली. तुला गेटाच्या आत कुणी येऊ दिलं नव्हतं. मग आयुष्यभर निळ्या बाटलीलाच ऑक्सिजन म्हणणारा दुसरा कोण? पद्माकरने त्याला त्या सकाळी बोलावलं असणार. तो येऊन गेला, हे एकट्या पद्माकरला माहीत होतं. काल पद्माकरला पिन सापडली आणि आज त्याने ती त्याच माणसाला दाखवली. लिम, त्या पिनेवर पक्कडीच्या दातांचे ओरखडे आहेत. पिशवीतली पक्कड काढा."

लिम वाकला. तेवढ्यात रघुवीरच्या हातात भिंतीवरचा दुसरा पाना आला होता. घाव लिमच्या दंडावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. परतीच्या घावाने एका शिपायाचा जबडा फुटला. रघुवीरने बाईंना केसांनी धरून कोठडीत ओढले आणि लोखंडी दार आतून लावून घेतले.

६

कोठडीत एका माणसाला जेमतेम फिरता येईल एवढी जागा होती. रघुवीरने एक मोठा निळा सिलिंडर दारावर लोटला. तो कलंडला, त्याची नळी निखळली आणि कानठळ्या बसवणारा फुत्कार सुरू झाला. रघुवीर खाली बसला आणि दाराला पाठ लावली. बाहेरून धडका बसत होत्या.

"मला त्याला मारायचं नव्हतं," तो ओरडला. "कुणालाच! धनेश माझ्याबरोबर दोन जहाजांवर होता. पद्माकर म्हणाला, पोलिसांत जाऊ या. मी पाया पडलो त्याच्या. तो ऐकेना!"

बाईंच्या कपाळावरून रक्त वाहत होते. त्या भिंतीला धरून सिलिंडरच्या गाड्यावर चढल्या आणि वरच्या झरोक्याच्या जाळीला तोंड लावले.

"रघुवीर, उठ," त्या म्हणाल्या. "हा वायू हवेपेक्षा जड असतो. खाली साचतो. तू त्यात बसला आहेस. उभा राहा, वर ये."

"दार सोडायला सांगताय होय?"

"दार धरून ठेव, पण उभा राहून धर. मी खरं सांगते आहे. उठ, बाळा."

तो हसला. मग पुन्हा हसला आणि ते हसणे त्याला आवरेना. डोळ्यांतून पाणी गळत होते, ओठ निळसर होत होते, आणि तो खदाखदा हसत होता. हसता हसता त्याची मान छातीवर पडली.

सुबोधने आग विझवायच्या नळकांड्याने दाराची बिजागरे तोडली. दार ओढून बाजूला टाकले. त्याने आधी बाईंना उचलून बाहेर आणले, मग रघुवीरला पायांनी ओढत व्हरांड्यात आणून टाकले. रघुवीरचा चेहरा काळानिळा झाला होता. छाती हलत नव्हती.

"मरू दे," सुबोध म्हणाला आणि रघुवीरच्या हातातून पडलेल्या पान्याकडे वळला.

"माझे हात सोडा," क्षिप्रा म्हणाली.

लिमने वेदनेने दात आवळले आणि डाव्या हाताने किल्ली फिरवली. बेड्या फरशीवर पडल्या. नंदाने धावत जाऊन हाताने दाबायची पिशवी आणली. क्षिप्रा गुडघ्यांवर बसली.

"ऑक्सिजन लाव!" रुचिर मागून ओरडला. "आतून सिलिंडर आणतो."

"तिथेच थांबा, सर," क्षिप्रा वर न बघता म्हणाली. "सुबोध, इकडे या. याचा जबडा वर उचलून धरा. असा. दोन्ही हातांनी."

सुबोध हलला नाही. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "याच्याकडून ते सगळं कोर्टात वदवून घ्यायचंय, बाळा. नाहीतर ही डॉक्टरीण जन्मभर तुझ्या भावाची मारेकरी ठरेल."

सुबोध खाली बसला. सोललेल्या बोटांनी त्याने भावाचा जीव घेणाऱ्याचा जबडा धरला. क्षिप्रा पिशवी दाबू लागली. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली.

हळूहळू रघुवीरच्या ओठांवरचा काळेपणा विरला. मग ते गुलाबी झाले.

सुबोध त्या ओठांकडे बघत होता. "या पिशवीत ऑक्सिजन आहे?"

"नाही," क्षिप्रा म्हणाली. "साधी हवा."

"आपण घेतो तीच?"

"तीच."

"धनेशलाही एवढीच पुरली असती?"

क्षिप्राचे हात क्षणभरही थांबले नाहीत. तिच्या डोळ्यांतले पाणी रघुवीरच्या कपाळावर पडत होते.

"हो," ती म्हणाली.

सुबोधने जबडा सोडला नाही.